सिरीजचा बल्ब

सकाळी ५:५०

घर झोपलेलं असताना चासी बाहेर काढायची, हा माझा शिरस्ता आहे. तेव्हा फोन वाजत नाही, वरून कुणी हाक मारत नाही आणि डोकं एका जागी राहतं. ऑक्टोबरातला रविवार, न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं आमचं घर, बेसमेंटच्या फरशीचा गारवा सपातांतून वर येतोय. बाकावर रबरी चटई, तिच्यावर जुनी चादर, आणि चादरीवर पालथा घातलेला फेंडर प्रिन्स्टन रिव्हर्ब.

हा ॲम्प शेजारच्या आजोबांचा. १९६६च्या उन्हाळ्यात, सोळाव्या वर्षी, लोकांच्या अंगणातलं गवत कापून साठवलेल्या पैशातून त्यांनी तो नवा घेतला होता. गेली तीस वर्षं तो माळ्यावर होता. पुढच्या महिन्यात नातू येणार आहे, त्याला गिटारचा नाद लागलाय, म्हणून आजोबांनी तो खाली आणून सुरू केला. आधी मोठ्यानं घुमला, मग कढईत मोहरी तडतडावी तसा तडतडला, आणि मागून पाहिलं तर एक व्हॉल्व्ह आतून लाल होत चाललेला. त्यांनी वायर ओढून काढली आणि तडक माझ्याकडे आले. तेवढं त्यांनी केलं म्हणून आजचा दिवस आहे. आणखी थोडा वेळ चालला असता तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती होती, आणि जुना ट्रान्सफॉर्मर गेला की त्याबरोबर ॲम्पचा निम्मा गळा जातो.

६:१५

मागची फळी काढली, वरचे चार स्क्रू सोडवले, चासी अलगद बाहेर आली. अजून आत बोट घातलेलं नाही. आधी मीटर. वीज काढून आठवडा झाला तरी मोठ्या कंडेन्सरांत चार्ज असू शकतो. चालू असताना तिथे चारशेच्या वर डीसी व्होल्ट असतात आणि ते माणूस मारायला पुरेसे आहेत. मीटरवर ११ व्होल्ट. निरुपद्रवी आकडा, तरीही दहा हजार ओहमचा जाड रेझिस्टर चिमट्यानं लावून तो शून्यापर्यंत उतरू दिला. डावा हात मागे, कमरेवर. दोन्ही हात आत असले की विजेला एका हातातून दुसऱ्या हातात जाताना वाटेत काळीज लागतं. मिरजेत आप्पांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी आठव्या वर्षी स्टुलावर बसून हेच पहिलं शिकले. ते डावा हात लेंग्याच्या खिशात घालायचे आणि काम संपेपर्यंत काढायचे नाहीत.

मग वाचन. या ॲम्पवर त्याची जन्मपत्रिका छापलेली असते, फक्त ती चार ठिकाणी विखुरलेली. व्हॉल्व्हच्या जागा दाखवणारा कागद पेटीच्या आत डकवलाय, त्यावर दोन अक्षरांचा शिक्का: पी आणि सी. फेंडरच्या मोजणीत ए म्हणजे १९५१, त्या हिशेबानं पी म्हणजे १९६६, आणि सी म्हणजे तिसरा महिना. स्पीकरवर ४६५-६०८: ४६५ हा ऑक्सफर्ड कंपनीचा क्रमांक, मग वर्ष सहा, आठवडा आठवा. ट्रान्सफॉर्मरवर ६०६, म्हणजे शूमाकर. आवाजाच्या कळीमागे ३०४, म्हणजे स्टॅकपोल, १९६५चा पन्नासावा आठवडा. सगळे भाग मार्चच्या आधीचे. म्हणजे आत कुणी ढवळाढवळ केलेली नाही, हा ॲम्प जसा फुलर्टनहून निघाला तसाच माझ्यासमोर आहे.

आणि चासीच्या कडेला, आतून, पिवळी पडलेली कागदी चिकटपट्टी. त्या काळातल्या फेंडर ॲम्पमध्ये अशी पट्टी पुष्कळदा सापडते. ज्या बाईनं जोडणी केली तिचं नाव त्यावर असतं. कॅलिफोर्नियात फुलर्टनच्या कारखान्यात या बाकांवर बहुतेक बायका होत्या, त्यांतल्या बऱ्याच मेक्सिकन वंशाच्या. लिली, ग्लोरिया, लुपे अशी नावं जमवणाऱ्यांच्या तोंडी आता घरच्यासारखी झाली आहेत. इथली शाई उडून गेली आहे. शेवटचं ‘ए’ तेवढं भिंगातून दिसतं. तिचे डाग मात्र ठसठशीत आहेत: तार भोकातून आत, एक वळसा, टिनाचा चकचकीत थेंब, जास्तही नाही कमीही नाही. साठ वर्षांत एकही सुटलेला नाही. मी त्या पट्टीवर पारदर्शक कागद ठेवून कडेनं हलकेच बांधला, म्हणजे दिवसभरात फ्लक्सचा शिंतोडा उडायला नको.

७:४५

आईचा फोन. मिरजेत सव्वापाच, तिचा चहा झालेला.

“काय गं, आज कुणाचा रेडिओ?”

तिच्या लेखी व्हॉल्व्ह असलेली प्रत्येक वस्तू रेडिओ आहे, आणि मी ते दुरुस्त करत नाही, कारण ते खरं आहे. लिओ फेंडरनं १९३८मध्ये फुलर्टनला दुकान टाकलं ते रेडिओ दुरुस्तीचं. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. वाजवणारे त्याच्याकडे बिघडलेले ॲम्प घेऊन यायचे, आणि काय बिघडतं, कुठे हात पोचत नाही, कुठला स्क्रू उगाचच आहे, हे त्याला उघडून उघडून कळलं. मग त्यानं स्वतः बनवायला घेतले. कंपनी जानेवारी १९६५मध्ये सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली गेली, पण माझ्या बाकावरच्या प्रिन्स्टनचा आराखडा त्याआधीचा, नोव्हेंबर १९६४चा आहे. एका मेकॅनिकनं दुसऱ्या मेकॅनिकसाठी केलेली वस्तू, हे तो उघडताक्षणी जाणवतं. सगळे भाग एका काळ्या फायबरच्या पट्टीवर ओळीनं मांडलेत, कुठलाही भाग काढायला दुसरा हलवावा लागत नाही.

“पोटाला खाऊन घे आधी,” आई म्हणाली. “आणि एक हात मागे ठेव.”

८:२०

पहिलं काम सुरक्षेचं, त्यात जुनेपणाची भीड नाही. मूळ वायर दोन पिनांची आहे, अर्थिंग नाही. शिवाय मागे एक ‘ग्राउंड’ नावाचा स्विच, आणि त्याच्यामागे ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर, जो घरातल्या विजेची एक तार थेट चासीला जोडतो. गिटारच्या तारा चासीला जोडलेल्या असतात, वाजवणाऱ्याची बोटं तारांवर. तो कंडेन्सर शॉर्ट झाला, आणि त्यानं ओठ मायक्रोफोनला लावले, तर संपलं. इथले मेकॅनिक त्याला सरळ ‘डेथ कॅप’ म्हणतात. तो कापून काढला. तीन पिनांची वायर घातली. हिरवी तार वेगळ्या बोल्टनं चासीला आवळली, काळी आधी फ्यूजला, मग स्विचला. आवळल्यावर पक्कडीनं ओढून पाहिली. मग पुन्हा ओढून पाहिली.

जुनी वायर गुंडाळून एका पिशवीत. काढलेला प्रत्येक भाग आज त्या पिशवीत जाणार आहे आणि ॲम्पबरोबर परत जाणार आहे.

९:३०

आता घुमण्याचं मूळ. व्हॉल्व्हना डीसी लागतो, घरात येते ती एसी. रेक्टिफायर व्हॉल्व्ह तिला एका दिशेनं वाहायला लावतो, पण ती ढेकळांत येते, हपशाच्या पाण्यासारखी. फिल्टर कंडेन्सर म्हणजे मधली टाकी: ढेकळांत येणारं पाणी साठवून खाली सलग धार सोडणारी. कंडेन्सरात ॲल्युमिनिअमचा पातळ पत्रा आणि ओला कागद गुंडाळलेला असतो. कागदातला ओलावा वर्षांनी सुकतो, टाकी आटते, आणि ती ढेकळं स्पीकरपर्यंत पोचतात. त्याला आपण हम म्हणतो.

या हमला मला एक वेगळी ओळख आहे. भारतात वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची, म्हणून रेक्टिफायरनंतरचा हम १०० कंपनांचा. अमेरिकेत ६० फेऱ्या, म्हणून १२०. शंभराला षड्ज मानला तर एकशे वीस बरोबर कोमल गंधारावर बसतो. सव्वीस वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा कुणाच्या तरी घरी जुना रेडिओ लावला आणि माझ्या कानाला काहीतरी खुपलं. घुमणं ओळखीचं होतं, पण पट्टी आमची नव्हती. मिरजेत आप्पांच्या दुकानासमोरून सतारमेकरांच्या गल्लीत वळता यायचं. दिवसभर तिथे तंबोरे जुळत असायचे, आणि आप्पांच्या बाकावर आजारी रेडिओ त्यांच्याखाली आपला स्वर धरून बसलेले असायचे.

प्रिन्स्टनमध्ये अशा चार टाक्या एकाच ॲल्युमिनिअमच्या डब्यात आहेत, प्रत्येकी २० मायक्रोफॅरडची. डबा काढणं हे दिवसातलं सगळ्यात अंगमेहनतीचं काम. त्याचे कान चासीच्या पत्र्याला डाग देऊन पक्के केलेले असतात, आणि तो जाड पत्रा सगळी उष्णता पिऊन टाकतो. लहान आयर्न तिथे नुसतं चिकटून बसतं. आप्पांचं शंभर वॅटचं, लाकडी मुठीचं आयर्न मी तिकडून आणलंय, ट्रान्सफॉर्मर लावून इथल्या विजेवर चालवते. एक कान तापवायचा, टिन शोषून घ्यायचं, थांबायचं, पत्रा निवू द्यायचा, मग दुसरा. घाई केली तर शेजारच्या तारांचं कापडी आवरण करपतं. पावणेदोन तास लागले.

नवा डबा त्याच मापाचा, चार कप्प्यांचा. असे डबे अजून बनतात, याचं मला दर वेळी समाधान वाटतं. तारा जुन्याच, त्याच वळणानं, त्याच जागी. छोटे इलेक्ट्रोलिटिक आणि बायसचा कंडेन्सरही बदलले. ओल्या कागदाचं आयुष्य सगळीकडे सारखंच.

१२:१५

वरून “अगं, पिठलं गार होतंय.” जेवण. वीस मिनिटं.

१२:४०

आता बल्ब.

आपल्याकडच्या कुठल्याही रेडिओ मेकॅनिककडे सिरीजचा बोर्ड असतो: एक होल्डर, एक सॉकेट, दोन्ही एकापाठोपाठ एक जोडलेले. संशयित वस्तू सॉकेटात लावायची. आत शॉर्ट असेल तर सगळी वीज बल्ब घेतो, तो झगझगीत पेटतो, आणि वस्तू वाचते. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर लागून मंद होतो. याहून सोपं आणि याहून प्रामाणिक यंत्र मी पाहिलेलं नाही. त्याला पिवळा, तारेचा बल्बच लागतो, एलईडी चालत नाही. ते बल्ब इथल्या दुकानांतून गेले, म्हणून एक खोकं भरून ठेवलंय.

सगळे व्हॉल्व्ह काढून, ६० वॅटचा बल्ब लावून स्विच टाकला. बल्ब उजळला, विझत्या निखाऱ्यासारखा तांबूस झाला, गेला. ट्रान्सफॉर्मर शाबूत. माझ्या खांद्यांतून काहीतरी उतरलं.

मग जीझेड ३४ रेक्टिफायर आणि लहान व्हॉल्व्ह बसवले, आउटपुटचे दोन ६व्ही६ मुद्दाम बाहेर ठेवले. बल्ब पुन्हा नीट मंद झाला, तेव्हा बोर्ड काढून ॲम्प सरळ विजेला लावला. कारण आता शोधायचंय: फक्त एकच व्हॉल्व्ह लाल का होत होता?

६व्ही६च्या ग्रिडवर उणे व्होल्टेज असतं. तो लगाम आहे, त्यालाच बायस म्हणतात. लगाम सैल झाला की व्हॉल्व्हमधून नको इतका करंट धावतो आणि प्लेट लाल होते. पहिल्या सॉकेटच्या पाचव्या पिनेवर मीटर लावला: उणे ३४. दुसऱ्यावर: उणे २१.

मिळालं. दोन्ही ग्रिडना लगाम एकाच ठिकाणाहून मिळतो. फरक पडतो तो फक्त एखादा कपलिंग कंडेन्सर गळत असेल तर. या निळ्या कंडेन्सरचं काम म्हणजे सूर पुढे सोडायचा आणि डीसी अडवायचा. त्याच्या एका बाजूला अडीचशेच्या घरात व्होल्ट. त्यातले थोडे पलीकडे झिरपत होते आणि लगाम ओढून सैल करत होते. हिशेब मांडला: २ लाख २० हजार ओहमच्या रेझिस्टरवर १३ व्होल्टचा फरक, म्हणजे जेमतेम साठ मायक्रोॲम्पिअरची गळती. एवढ्याशा थेंबानं व्हॉल्व्ह लाल केला.

मुलगी खाली आली होती, टॉर्च धरून उभी होती. “आई, मग सगळेच निळे कंडेन्सर बदलून टाक ना. नवे तर मिळतात.”

तिचा प्रश्न बरोबर आहे, आणि मी त्याचं उत्तर एकदा चुकीचं दिलं होतं. बारा वर्षांपूर्वी एक जुना ॲम्प हाती आला तेव्हा मी आतलं सगळं बदललं. प्रत्येक कंडेन्सर, प्रत्येक रेझिस्टर. काम देखणं झालं, हम शून्य. मालकानं वाजवला, आणि माझं मन राखण्यासाठी तो छान म्हणाला, पण त्याचा चेहरा मला दिसत होता. त्याचा ॲम्प मी त्याला परत दिला नव्हता, त्याच्या पेटीत दुसरा घालून दिला होता. त्या रात्री मला मिरजेतल्या गल्लीतले जवारी काढणारे कारागीर आठवले. तंबोऱ्याच्या घोडीवर ते कानस फिरवतात ती किती, तर कागदाची जाडी सुद्धा जास्त ठरेल. एक हात मारला की तार छेडून ऐकायचं, दोऱ्याचा तुकडा किंचित सरकवायचा, पुन्हा ऐकायचं. जवारी बिघडली म्हणून कुणी घोडीच फेकत नाही. कुठे थांबायचं ते कळणं म्हणजेच तिथली कारागिरी होती, आणि मी तीच गल्ली रोज ओलांडून शाळेत गेले होते.

म्हणून मुलीच्या हाती मीटर दिला. बाकीचा प्रत्येक निळा कंडेन्सर तिनं एक टोक सोडवून, व्होल्टेजखाली तपासला. काम करताना ती उजवा हात वापरत होती, आणि डावा कधी मागे गेला ते तिचं तिलाही कळलं नसावं. गळणारा एकच निघाला. तोच बदलला.

३:३०

६व्ही६ बसवले. हे मूळचेच आरसीएचे, दोघेही तपासणीत ठणठणीत. मोजमापाचं सॉकेट व्हॉल्व्हच्या खाली घालता येतं, त्यामुळे आत काही कापावं लागत नाही. एकाला २२ मिलीॲम्पिअर, दुसऱ्याला २१. प्लेटवर ४१८ व्होल्ट. गुणाकार ९ वॅटच्या आसपास. ६व्ही६ची जुनी मर्यादा १२ वॅटची, तेव्हा हा सुखात आहे. भिंतीतली वीज आज १२२ व्होल्ट आहे, आणि हा ॲम्प ११७च्या हिशेबानं बनलाय, म्हणून आतले सगळे आकडे थोडे चढे. तेवढं त्याला झेपतं.

दिवे विझवून अंधारात पाच मिनिटं प्लेटांकडे पाहत बसलो, दोघी. आतला नारिंगी फिलामेंट तेवढा दिसत होता. प्लेट काळीच राहिली.

४:१०

गिटार लावली. आवाज आला, पण मोहरी अजून तडतडत होती. यासाठी औजार म्हणजे जेवायची बांबूची काडी. ॲम्प चालू ठेवून एकेका भागाला हलकेच टोचायचं आणि कान द्यायचा. पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटच्या रेझिस्टरला काडी लागली आणि स्पीकर भडकला. बंद करून, चार्ज उतरवून मोजला: रंगांचे पट्टे सांगतात १ लाख ओहम, मीटर सांगतो १ लाख ३८ हजार. कार्बनची कांडी दमट हवेत अशी फुगत जाते. तो एक बदलला. त्याच्या शेजारचा १ लाख ६ हजार दाखवत होता आणि शांत होता. तो राहिला.

रिव्हर्बची पेटी म्हणजे तळाशी बसवलेला पत्र्याचा लांबट डबा आणि आत ताणलेल्या स्प्रिंगा. सूर एका टोकाकडून स्प्रिंगेत सोडायचा. तो दुसऱ्या टोकाला उशिरा पोचतो, आपटून परत फिरतो, पुन्हा येतो, आणि कानाला मोठ्या दालनात बसल्यासारखं वाटतं. ही कल्पना मूळची बेल लॅबची. लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारेत आवाजाला होणारा उशीर त्यांना प्रयोगशाळेत हवा होता. हॅमंडनं ती ऑर्गनसाठी घेतली, तिथून फेंडरकडे आली. मीटरनं या टोकाला एक ओहमच्या जवळ दाखवलं, त्या टोकाला काहीच नाही. केसाहून बारीक तार तुटली होती, डब्याच्या आत, जोडणीच्या अगदी तोंडाशी. भिंग, अर्धा श्वास, टिनाचा खसखशीएवढा ठिपका. मीटर बोलला: दोनशे ओहम.

स्पीकरच्या कागदाला बोटभर चीर होती. टिश्यू पेपरचा तुकडा आणि पातळ केलेली पांढरी खळ. वाळायला ठेवून वर जाऊन चहा घेतला.

६:३०

आजोबा दारात. हातात त्यांचीच जुनी गिटार, केसशिवाय, लहान मूल धरावं तशी. खाली उतरताना त्यांना कठड्याचा आधार लागतो, म्हणून गिटार मुलीनं घेतली.

मी त्यांना आधी पिशवी दाखवली: जुना डबा, वायर, डेथ कॅप, एक निळा कंडेन्सर, एक रेझिस्टर, छोटे इलेक्ट्रोलिटिक. मग पट्टीवरचं ते शेवटचं अक्षर दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.

“साठ वर्षं हे माझ्याकडे होतं,” ते म्हणाले, “आणि मला माहीतच नव्हतं की आत कुणी नाव लिहून ठेवलंय.”

चासी पेटीत गेली, स्क्रू आवळले. त्यांनी स्विच टाकला आणि सवयीनं थांबले; रेक्टिफायर तापेपर्यंत आवाज येत नाही, हे त्यांच्या बोटांना अजून आठवत होतं. मग बोटं तारांवर. दोन तारा एकदम, सुस्त, ओल्या लाकडासारख्या. आवाजाची कळ त्यांनी चारवरून सहावर नेली. तिथे प्रिन्स्टनचा गळा किंचित फाटायला लागतो, स्वराच्या कडेला बारीक झणझण येते, आणि ती झणझण स्वराला झाकत नाही, उघडते. रिव्हर्ब दोनवर. ट्रेमोलोही मी तपासला होता. या ॲम्पमध्ये तो आउटपुट व्हॉल्व्हचा तोच लगाम सैल-घट्ट करून चालतो, म्हणून सगळा आवाजच श्वास घेतल्यासारखा हलतो. त्यांनी तो लावला आणि एक जुनी चाल धरली, मध्येच विसरले, पुन्हा धरली.

मुलगी जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती. वर स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

८:४५

ॲम्प आजची रात्र इथेच. नव्या डब्यावर आणखी चार तास वीज ठेवून पाहिल्याशिवाय मी तो देत नाही, आणि त्यातले दोन झालेत. गिटारही ते इथेच ठेवून गेलेत. वहीत आजचे आकडे उतरवले: ४१८, २२, २१, उणे ३४. त्याच आकड्यांची एक चिठ्ठी, तारीख घालून, पेटीच्या तळाशी डकवली, पुढे कधी कुणी उघडेल त्याच्यासाठी. चिकटपट्टीवरचा पारदर्शक कागद चासी आत घालायच्या आधीच काढून घेतला होता.

सिरीजच्या बोर्डावरचा बल्ब अजून गरम आहे का ते बघितलं. नव्हता. खोक्यात ठेवला.